फक्त ‘प्रेमळ’ म्हणू नका!

‘‘आजीवर नको गं! दरवर्षी चार लेख येतात आजीवर.’’

मराठी विभागाच्या मीटिंगमध्ये आमच्या संपादकाने हे वाक्य टाकलं आणि सगळे हसले. मीही हसले. पण हॉस्टेलवर आल्यावर लायब्ररीतून आणलेले मागचे पाच-सहा अंक चाळले आणि लक्षात आलं की त्याचं काही फार चुकलं नव्हतं. आजीवरचे लेख होतेच. त्या सगळ्या आज्या प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या, देवभोळ्या होत्या. सगळ्यांचे हात सुरकुतलेले आणि सगळ्यांच्या हाताला चव. नावं झाकली असती तर कुठली आजी कुणाची, हे त्या नातवंडांनाही ओळखता आलं नसतं!

म्हणजे दोष आजीचा नाही. दोष आपल्या लिहिण्याचा आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘रीडिंग चांगलं आलं’ एवढंच लिहून दिलं तर सर काय करतील? जर्नल परत फेकतील. रीडिंग किती आलं, कुठल्या रेंजवर आलं, मीटरचा एरर किती, सगळं लिहा म्हणतील. मग ज्या बाईने आपल्या आईला वाढवलं, तिच्याबद्दल लिहिताना आपण ‘चांगली होती’ एवढ्यावर सही कशी काय मारतो?

माझी आजी, म्हणजे आईची आई, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. अंत्यविधीच्या उपासनेसाठी मामाने एक पत्रक छापून आणलं होतं. वर तिचा फोटो, खाली तेविसावं स्तोत्र, आणि मधे तीन शब्द : प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक. पत्रक हातात घेऊन मी पहिल्या बाकावर बसले होते आणि मला रडू यायच्या ऐवजी राग येत होता. सत्त्याहत्तर वर्षं आणि तीन शब्द? तेही असे, की दुसऱ्या कुणाच्याही पत्रकावर चालले असते?

तेव्हा मित्रांनो, हे आजीचं जर्नल समजा. उशिरा सबमिट होतंय. पण रीडिंग खरी आहेत.

पाण्याची गोष्ट

आजी राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. गावाच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे ख्रिस्ती लोकांची वस्ती. हॉस्टेलला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला एका मैत्रिणीने विचारलं होतं, ‘‘तुम्ही ख्रिश्चन ना? मग घरी इंग्लिशच बोलत असाल!’’ मला हसावं का चिडावं कळेना. माझ्या आजीला इंग्रजीतले शब्द यायचे ते ‘स्टँड’, ‘डेपो’ आणि ‘मोबाईल’. तिचा देव अस्सल नगरी मराठी बोलायचा. चर्चला ती ‘देऊळ’ म्हणायची, पाद्र्यांना ‘पाळकसाहेब’. नाताळला घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या आणि रात्री दारोदार फिरून पेटी-ढोलकीवर गाणी.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनने काम सुरू केलं ते १८३१ मध्ये. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरहूनच १८४२ मध्ये निघालं. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपल्याला शाळेपासून माहीत असलेले रेव्हरंड ना. वा. टिळक हे इथल्याच मंडळींचे. म्हणजे हे काही काल-परवाचं आणि परदेशातून पार्सलने आलेलं प्रकरण नाही. जात्यावर दळत, भजनं म्हणत रुजलेली गोष्ट आहे.

पण या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. ती लेखात न लिहिता पुढे जाणं मला बरं वाटत नाही. नगरकडच्या खेड्यांमधले पुष्कळसे ख्रिस्ती हे मूळचे गावकुसाबाहेरचेच लोक. आजीचे आईवडीलही. त्यांनी धर्म बदलला, पण गावाने पाणवठा बदलू दिला नाही. आजी लहानपणी आईबरोबर ओढ्यात झरा खणून वाटी-वाटीने हंडा भरायची. गावातली विहीर त्यापेक्षा जवळ होती.

म्हणून की काय, पण बायबलमधली तिची सगळ्यात लाडकी गोष्ट होती ती शोमरोनी बाईची. योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात आहे. येशू प्रवासाने दमून विहिरीपाशी बसलाय, एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यामुळे तीच चकित होऊन विचारते, तू माझ्याकडे पाणी कसं काय मागतोस? मंडळीत यावर पुष्कळ प्रवचनं झाली असतील, जिवंत पाणी म्हणजे काय वगैरे. आजी तिथपर्यंत जायचीच नाही. ती म्हणायची, ‘‘त्यानं तिच्या हातचं पाणी मागितलं. मला तेवढंच पुरे हाय.’’

आता सांगा, याला ‘देवभोळी’ म्हणायचं? मला तर वाटतं की तिने त्या सबंध पुस्तकातून स्वतःला लागणारी ओळ नेमकी शोधून काढली होती आणि ती आयुष्यभर घट्ट धरली होती.

प्रार्थना आणि फेऱ्या

आजोबा साखर कारखान्यात हंगामी कामगार. आई नऊ वर्षांची असताना ते वारले. पदरात मामा आणि आई. आजी तेव्हा जेमतेम तेहतीस वर्षांची. त्यानंतर तिने काय काय केलं याची यादी मोठी आहे : कांदे भरणं, निंदणी-खुरपणी, शाळेत खिचडी शिजवणं, बाळंतिणींना न्हाऊ घालणं.

पहाटे पाचला उठून ती प्रार्थनेला बसायची. प्रार्थनेत नावं ठरलेली, क्रमही ठरलेला. आधी घरातली, मग वस्तीतली आजारी माणसं, मग परीक्षेला बसलेली पोरं, मग शेजारची गाभण गाय. निराधार योजनेची तिची पेन्शन एकदा कित्येक महिने अडकली होती. तेव्हा तिथल्या क्लार्कचं नावही या यादीत आलं. ‘‘प्रभू, त्याला बुद्धी दे,’’ असं ती रोज पहाटे म्हणायची आणि सोमवारी फडक्यात भाकरी बांधून एस.टी.ने तालुक्याला जाऊन त्याच्या टेबलासमोर संध्याकाळपर्यंत बसायची. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बसायचं. पाचव्या की सहाव्या सोमवारी त्याने फाईल पुढे सरकवली. मी विचारलं, ‘‘आजी, प्रार्थनेने झालं का बसण्याने?’’ तर म्हणाली, ‘‘प्रार्थना केली म्हणून काय चालायचं सुटतं व्हय?’’

आमच्याकडे श्रद्धा म्हटलं की दोनच प्रकार डोळ्यासमोर येतात. एक, सगळं देवावर सोडून हात बांधून बसलेला माणूस. दुसरा, माझाच देव खरा म्हणून भांडणारा माणूस. आजी दोन्हींत बसत नव्हती. आणि मला वाटतं, बहुतेकांच्या आज्या बसत नसतील. मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत.

लिलावातली गोधडी

कापणीच्या सणाला मंडळीतले लोक आपल्या शेतातलं काहीबाही देवळात आणतात. ज्वारी, भोपळे, कोंबड्या, अंडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. मोठी मजा असते. लोक स्वतःचाच भोपळा दुप्पट किमतीला परत घेतात!

आजीकडे शेत नव्हतं. ती गोधडी आणायची. एका वर्षी तेव्हाच्या पाळकसाहेबांनी आधी धान्याचा लिलाव घेतला आणि मग म्हणाले, ‘‘आता किरकोळ वस्तू घेऊ.’’ आजी उभी राहिली. भर देवळात! म्हणाली, ‘‘पाळकसाहेब, गव्हाला चार महिने लागत्यात. माझ्या गोधडीला पाच लागले. किरकोळ कोन्ती?’’ तेव्हापासून आजी असेपर्यंत त्या देवळात लिलाव गोधडीने सुरू व्हायचा.

ती गोधडी कशी असायची तेही लिहिते. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर, कडेपासून मध्याकडे जाणारी टाक्यांची चौकोनी रांग, आणि बरोब्बर मधे लाल कापडाची आठ टोकांची चांदणी. बेथलेहेमची. हातात ना पट्टी, ना टेप. वीत आणि चार बोटं एवढंच माप. सेकंड इयरला असताना मी गंमत म्हणून तिच्या एका गोधडीचे दोन्ही कर्ण मोजले होते. बोटभरही फरक नव्हता! फर्स्ट इयरच्या ग्राफिक्सच्या शीटवर मिनी ड्राफ्टर लावूनही माझा काटकोन कधी धड येत नव्हता, हे इथे नमूद करणं भाग आहे.

या गोधडीला आपण काय म्हणतो? ‘आजीचा विरंगुळा.’ हीच गोष्ट एखाद्या प्रदर्शनात काचेच्या मागे टांगली की ‘टेक्स्टाईल आर्ट’. मला या दोन शब्दांमधल्या अंतराबद्दल आक्षेप आहे.

वहीतली सदतीस गाणी

१९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायच्या कामावर होती. तेव्हा ती सव्वीस वर्षांची. मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी हे शब्द तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेत, की मीही ते खाल्लंय असं वाटतं. त्या कामावर बायका ओळीने बसून खडी फोडत आणि ओव्या म्हणत. तिथे आजीने पहिलं गाणं केलं. हातोडीच्या ठेक्यावर. त्यात एलीया संदेष्ट्याची गोष्ट होती. दुष्काळात एका विधवेच्या घरचं पीठ सरत नाही, ती. मंडळीत ते गाणं महिला मंडळाने म्हटलं आणि मग आजी करतच राहिली. चौथीपर्यंत शिकलेली होती, तेवढं तिला पुरलं. निळ्या पुठ्ठ्याच्या दोनशेपानी वहीत सदतीस गाणी आहेत. नाताळची, लग्नाची, पाळण्याची आणि एक मामाला आय.टी.आय.ला प्रवेश मिळाला त्याचंसुद्धा!

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मी आजी गेल्यानंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंनी तो स्वीकारला नाही. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये राहुरीत त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत गेल्या नाहीत. शाळेचं रीतसर शिक्षण नाही, तरी १९३४ ते ३६ या काळात चार भागांत त्यांनी असं पुस्तक दिलं की मराठी आत्मचरित्रांचं नाव काढलं की ते आधी आठवतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’सुद्धा बव्हंशी त्यांनीच पुरं केलं. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी सगळं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं आणि त्याचे खिळे मुक्तिसदनातल्या बायकांनी जुळवले.

आजी म्हणजे लक्ष्मीबाई होती असं मला म्हणायचं नाही. तिची गाणी साधी आहेत, काही यमकं तर ओढूनताणून आहेत. पण ‘स्मृतिचित्रे’ का टिकलं? कारण त्यात कुणी नुसतं प्रेमळ नाही. नवऱ्याचा विक्षिप्तपणा आहे, स्वतःच्या फजित्या आहेत, भांडणं आहेत. माणूस आहे तसा आहे.

तेव्हा आजीचंही एक खटकणारं रीडिंग लिहायला हवं. पैसे एकालाच पुरतील असं झालं तेव्हा तिने मामाला पुढे शिकवलं. आईला दहावीनंतर घरी बसवलं, मार्क मामापेक्षा जास्त असूनही. आई ते अजून विसरलेली नाही. आजीने त्याबद्दल कधी माफी मागितली नाही. फक्त माझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली त्या दिवशी तिने लिलावात न दिलेली एक गोधडी माझ्या हातात ठेवली आणि आईकडे न बघता म्हणाली, ‘‘हिचं मधी थांबवू नका.’’ त्याला माफी म्हणायचं का, ते आईने ठरवायचं. मी नाही.

‘सबमिशन झालं की करू’

आता खरं कारण सांगते, हा लेख का लिहिला त्याचं.

सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत आजी मला म्हणाली होती, ‘‘तुझ्या त्या मोबाईलमधी माझी गाणी भरून घे ना. वहीत नुसते शब्द हायेत.’’ मी म्हटलं, ‘‘आजी, सबमिशन झालं की करू.’’ मग सबमिशन झालं, ओरल्स आल्या, पेपर आले. नाताळला गेले तर मी दोनच दिवस थांबले. उन्हाळ्यात कोर्स लावला. दर वेळी ती एकदाच आठवण करायची, दुसऱ्यांदा नाही. पुढच्या दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी ती गेली.

मी ई अँड टीसीची विद्यार्थिनी. सिग्नल कसा पकडायचा, साठवायचा, नॉईज कसा काढायचा, यावर मला मार्क मिळतात. आणि माझ्या फोनमध्ये आजीचा आवाज किती आहे? नऊ सेकंद. एक व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज : ‘‘पोरी, जेवलीस का? ... आगं, हे चालू हाय का बंद?’’

तिचं म्हणणं बरोबर होतं. वहीत नुसते शब्दच आहेत. जुन्या मराठी उपासना-गीतांच्या पुस्तकांत गाण्याच्या वर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ दिलेली असते. ते गाणं येत असेल तर हे म्हणता येतं. आजीनेही तसंच केलंय. पण तिने दिलेल्या चाली कुठल्या, तर वस्तीवरच्या बायकांच्या ओव्या, जुनी भलरी, कुणाच्या तरी लग्नातलं गाणं. म्हणजे फाईल आहे, पण ती उघडायचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या डोक्यात, आणि तो दुसरा माणूसही गेलेला!

मागच्या उन्हाळ्यात मी वस्तीवर आठ दिवस राहिले. महिला मंडळातल्या चार म्हाताऱ्या आज्यांना देवळाच्या ओट्यावर जमवलं, वही वाचून दाखवली. एकीला एक ओळ आठवायची, दुसरी तिला ‘‘आसं न्हवं गं’’ म्हणून दुरुस्त करायची, मग दोघी भांडायच्या आणि भांडता भांडता चाल सापडायची! सदतीसपैकी चौदा गाणी रेकॉर्ड झाली. एलीयाचं सापडलं. खडी फोडायच्या ठेक्यासकट. मामाच्या आय.टी.आय.चंही सापडलं आणि मामा पहिल्यांदा रडला.

तेव्हा माझं मत विचाराल तर एवढंच आहे. आपल्या आज्यांना मोठी विशेषणं देऊ नका. ती देऊन आपण मोकळे होतो आणि त्या पुसल्या जातात. त्यापेक्षा विचारा. ‘कसं होतं गं तेव्हा?’ असं मोघम नाही, नेमकं विचारा. या गोधडीला किती दिवस लागले? हे गाणं पहिल्यांदा कुठे म्हटलंस? कुणाशी भांडलीस? देवाकडे काय मागायचीस आणि ते मिळालं का? फोन समोर ठेवा, बटण दाबा आणि गप्प बसा. अर्धा तास लागतो. आपल्या कॅन्टीनचा एक चहा त्यापेक्षा जास्त वेळ चालतो.

तेवीस गाण्यांची चाल अजून सापडायची आहे. त्यात सगळ्यात लांब गाणं आहे ते विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं. चौदा कडवी, सगळ्या वहीत तेवढंच तिने दोनदा सुवाच्य अक्षरात उतरवलंय. मी त्याच्या वर बघितलं, चाल कुठली दिलीय ती. तिथे फक्त दोन शब्द आहेत : ‘आईची, जात्यावरची.’

वस्तीवर ती आता कुणालाच येत नाही.